कोळसा घातला आणि झाडं पिवळी पडली: काय तपासायचं, काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. करवंट्या आणि छाटणीच्या फांद्या जाळून घरी कोळसा केला, कुटला, प्रत्येक कुंडीत दोन-तीन ओंजळी मिसळला. पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. मग कढीपत्त्याची नवी पालवी पिवळट यायला लागली, मोगऱ्याच्या कळ्या थांबल्या, वाफ्यातली मेथी फिकट उगवली आणि बोटभर होऊन तशीच राहिली. कोळशानं माती सुधारते असं सगळीकडे सांगतात, मग आमच्याकडेच उलटं कसं?

उलटं वगैरे काही झालेलं नाही. कोळसा त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागला. फक्त तो कुठल्या मातीत गेला, त्याच्यासोबत किती राख गेली आणि जाताना तो रिकाम्या पोटी होता की भरल्या, हे कुणी विचारलं नाही. बहुतेक बिघाड या तीन गोष्टींत सापडतो, आणि त्यातली राखेची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा.

एक विनंती आधीच करतो. पिवळं पान दिसल्या दिसल्या १९:१९:१९ चं, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश समान असलेल्या विद्राव्य खताचं, पाणी ओतू नका. दुखणं लोहाचं असेल तर जास्तीच्या स्फुरदानं ते वाढतं.

आधी पान नीट पाहा

झाड उजेडात आणा आणि पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते बघा. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली आहेत, पूर्ण पान सारखंच फिकट आहे, शिराही पिवळ्या आहेत आणि वरचा शेंडा त्यामानानं हिरवा आहे, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पालवीला देतं, म्हणून आधी खालची पानं जातात.

वरची, नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर लोह मिळत नाहीये. लोह झाडाला जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाही, त्यामुळे इथं मार नव्या पालवीला बसतो. कढीपत्त्यावर हे फार स्पष्ट दिसतं: खालच्या फांद्या काळपट हिरव्या, शेंड्याच्या पानांवर पिवळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या रेघांची जाळी. दुखणं मुरलं की ही पानं जवळजवळ पांढरी पडतात आणि टोकाकडून करपतात. ऊसवाले याला केवडा म्हणतात. जास्वंद, मोगरा, एक्झोरा, अनंत, लिंबू ही मंडळी केवड्याला पटकन बळी पडतात.

पिवळेपणा कमी, पण पानांच्या कडा तपकिरी होऊन कडक झाल्या असतील तर क्षार वाढलेत. बी उगवलंच नाही, किंवा उगवून मुळाचं टोक काळं पडलं, तर कोळसाच कच्चा होता असा संशय घ्या.

पाचवी शक्यता कोळशाशी संबंधित नाही, पण तिचं खापर त्याच्यावर फुटतं. कुंडीच्या तळाचं भोक बुजलंय, माती आठवडाभर चिकट ओली आहे, मुळं गुदमरली आहेत. अशा झाडालाही लोह उचलता येत नाही आणि ते हुबेहूब केवड्यासारखं दिसतं. म्हणून पुढचं काही करण्याआधी भोकात एक काडी घालून बघा. बारीक कुटलेल्या कोळशाचा गाळ तळाशी बसून भोक बुजणं हेही होतं.

नवी पानं पिवळी: राख आणि चुनखडी

पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, मराठवाडा, विदर्भाचा बराच भाग, इथली काळी आणि मध्यम काळी माती मुळातच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, आहे. सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ, आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे डोळ्यांनी दिसतात. अशा मातीत लोह भरपूर असतं, पण सामू चढला की ते विरघळत नाही आणि मुळाला उचलता येत नाही. वरून बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठाला पांढरी पुटं धरत असतील तर तुम्ही पाण्यातूनही थोडा थोडा चुना घालताय.

आता यात घरचा कोळसा येतो. कोळसा स्वतः बहुधा विम्लधर्मी असतो, जितक्या जास्त आचेवर झालेला तितका जास्त. त्याच्याबरोबर येणारी राख तर फारच तीव्र असते. तिचा सामू दहाच्या पुढे सहज जातो. पूर्वी राखेच्या पाण्यानं कपडे आणि भांडी निघत ती याच क्षारामुळे. तेच पाणी आपण कढीपत्त्याच्या मुळाशी ओतल्यासारखं होतं.

राख किती येते हे जाळलं काय यावर आहे. बाभळीचं, आंब्याचं टणक लाकूड आणि नारळाची करवंटी यांचा कोळसा सगळ्यात स्वच्छ. पालापाचोळा, भाताचं तूस, उसाचं पाचट यांत राखेचा भाग कितीतरी जास्त. पाचटापासून कोळसा करायची भट्टी पुण्याच्या आरती या संस्थेनं विकसित केली आणि त्यासाठी तिला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला, पण तो सगळा खटाटोप चुलीच्या इंधनासाठी होता. इंधनाला चाललेला कोळसा कुंडीला चालेलच असं नाही. आणि इस्त्रीवाल्याकडून गोणीभर आणतात तो कोळसा नव्हेच, ती राख आहे, तिच्यात कोळशाचे चार तुकडे. पुण्यातल्या गच्चीवरच्या कुंड्यांत ती घालू नका एवढंच सांगेन.

तुमची माती कुठल्या बाजूची आहे हे घरी कळू शकतं. वाटीत दोन चमचे कोरडी माती घ्या, तीवर पांढरं व्हिनेगर ओता आणि वाटी कानाशी धरा. चुनखडी भरपूर असेल तर फेस दिसतो; थोडी असेल तर फेस दिसत नाही, पण बारीक चुरचुर ऐकू येते. चुरचुर ऐकू आली की राखवाला कोळसा त्या मातीसाठी बाद. काहीच आवाज आला नाही तर माती आम्ल आहे असं मात्र समजू नका. नेमका सामू हवा असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि कृषी विज्ञान केंद्रांत ही सोय असते आणि खर्च फारसा येत नाही.

मग जगभर कोळशाचं एवढं कौतुक का? कारण ते कौतुक जन्मलं ॲमेझॉनच्या खोऱ्यात. तिथली मूळ माती आम्लधर्मी, पावसानं धुऊन निघालेली, अन्नद्रव्यांना कंगाल. तिच्यातच शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांनी कोळसा, हाडं, खापरं, खरकटं, विष्ठा टाकून काळ्या मातीचे पट्टे तयार केले, जे आजही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुपीक आहेत. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ साली त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं, आणि पुढे कोळशाच्या संशोधनानं जोर धरला. त्या मातीत नुसता कोळसा नाही, त्याच्याबरोबर भरपूर खरकटं आणि हाडं आहेत, हे सांगताना नेमकं गळतं. २०१७ साली जगभरच्या प्रयोगांचं एक मोठं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात उष्ण कटिबंधात कोळशानं उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं, आणि समशीतोष्ण भागात जवळजवळ काहीच नाही. फरकाचं मोठं कारण मातीच. उष्ण कटिबंधातल्या प्रयोगांच्या जमिनी बहुतेक आम्ल आणि निकस होत्या. कोळशानं सामू वर आणला आणि पिकाला हायसं वाटलं.

आपल्याकडे तशी माती कोकणात आहे. जांभ्यावरची लाल माती, पाच ते साडेसहा सामू, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस, अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद कमी. भातरोपांसाठी राब भाजतात तिथं पालापाचोळा, फांद्या, शेण यांची राख आणि अर्धवट जळका कोळसा रोपवाटिकेच्या मातीत जातोच, आणि रोपं तरारून येतात. म्हणून दापोलीत ज्या घमेल्यानं वांगी तरारतात त्याच घमेल्यानं दौंडला कढीपत्ता पिवळा पडतो, यात कोळशाचा काही अपराध नाही.

उपाय असा. कुंडी असेल तर वरची दोन-तीन इंच माती, जिच्यात राख दिसते आहे, काढून टाका आणि तिथं कुजलेलं शेणखत भरा. मग पानांवर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारा: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, आणि त्यात १ ग्रॅम लिंबूफूल, किराणा दुकानात मिळतं तेच. आधी लिंबूफूल विरघळवा, मग हिराकस टाका. द्रावण फिकट हिरवट दिसलं पाहिजे. तांबूस गढूळ झालं तर लोह आधीच निकामी झालंय. फेकून द्या, नवं करा. कोवळ्या रोपांना निम्मी मात्रा. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालूनही, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. गच्चीत फवारताना कुंडीखाली जुनं पोतं टाका. हिराकसचे थेंब पांढऱ्या फरशीवर वाळले की गंजाचे डाग पडतात, आणि ते निघत नाहीत.

फवारणी हे तात्पुरतं काम. मुळाशी द्यायचं असेल तर नुसता हिराकस चुनखडीच्या मातीत ओतू नका, दोन दिवसांत तो गंज होऊन बसतो. मूठभर हिराकस घमेलंभर कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर मुरू द्या, मग ते खत थोडं थोडं द्या. चिलेटेड लोह, म्हणजे सहज गंजू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, घेणार असाल तर पुडीवरचं नाव वाचा. ईडीटीए प्रकार स्वस्त असतो, पण विम्ल मातीत मुळाशी दिला तर टिकत नाही, तो फवारणीला ठीक. चुनखडीच्या मातीत मुळाशी द्यायला ईडीडीएचए लागतो, महाग आहे, पण चिमूटभर पुरतो. जिप्समनं हा सामू उतरत नाही. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साठून बिघडलेल्या, जमिनीचं औषध आहे, चुनखडीचं नाही. आंबट ताक? कढीपत्त्याला ताक घालायची पद्धत जुनी आहे आणि पालवी चार दिवस हसरी दिसते, पण चुना असलेली माती ताकाची आंबटाई पाहता पाहता गिळून टाकते. जोडीला म्हणून घाला, भरवसा ठेवू नका.

खालची पानं पिवळी: रिकामा कोळसा

ताजा कोळसा पोटात काही नसलेला असतो. त्याच्या छिद्रांत आणि पृष्ठभागावर अमोनियाच्या रूपातलं नत्र चिकटतं, आणि कमी आचेवर झालेल्या कोळशात थोडा सहज कुजणारा भाग शिल्लक असतो, तो खायला जिवाणू तुटून पडतात. हे जिवाणू वाढताना मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात. झाड उपाशी. काही आठवड्यांत हे आपोआप निवळतं, पण मेथी-पालकाचं आयुष्यच तेवढं असतं, म्हणून पालेभाजीत फटका जास्त दिसतो.

इथं उपाय सोपा आहे. गोमूत्र असेल तर एक भाग गोमूत्र, दहा भाग पाणी, आठवड्यातून एकदा मुळाशी. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरेंचं आंबवण) करत असाल तर तेच. रासायनिक खत वर्ज्य नसेल तर लिटरला दोन ग्रॅम युरिया, दोन वेळा. शेंगदाणा पेंड चालते, पण ती कुजायला वेळ घेते. आत्ता पिवळ्या पडलेल्या मेथीला तिचा उपयोग नाही.

पुढच्या वेळी मात्र कोळसा कुंडीत जायच्या आधी भरून घ्या. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तो कंपोस्टच्या पिंपात टाकायचा, खताच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, आणि खत होईपर्यंत तिथंच ठेवायचा. हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग. ओला कचरा कमी घाण मारतो, अळ्या-पाण्याचा चिकचिकाट कमी होतो, आणि खत चाळताना कोळसा काळ्या मातीत विरून गेलेला असतो, वेगळं काही करावं लागत नाही. दुसरा म्हणजे बादलीत जीवामृत, गोबरगॅसची मळी किंवा पातळ केलेलं गोमूत्र घ्यायचं आणि त्यात कोळसा दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा, अधूनमधून ढवळायचा.

या दुसऱ्या मार्गात एक सापळा आहे आणि तो कुणी सांगत नाही. राख न धुता कोळसा गोमूत्रात टाकला की बादलीतून डोळे चुरचुरवणारा उग्र वास येतो. पुष्कळांना वाटतं कोळसा "ताकदवान" झाला. प्रत्यक्षात राखेच्या विम्लानं गोमूत्रातलं नत्र अमोनिया होऊन हवेत चाललेलं असतं. ज्यासाठी भिजवलं तेच उडून जातं. म्हणून आधी धुवा. कोळसा बादलीत बुडवून रात्रभर ठेवा, करडं पाणी ओतून द्या, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत एक-दोनदा परत करा. ते पहिलं पाणी कोकणात असाल तर केळीला, नारळाला द्या. देशावर असाल तर गटारात.

बीच उगवत नाही: कोळसा कच्चा आहे

चांगला झालेला कोळसा हातात हलका लागतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजतात, वाकवला तर कट्कन तुटतो आणि आतून कडेपर्यंत सारखा काळा असतो. मधे तपकिरी गाभा दिसला तर ते अजून लाकूडच आहे. करवंटीचा तुकडा मोडून पाहा: नीट झालेल्या करवंटीच्या मोडीवर काचेसारखी चकाकी असते, कच्चीची मोड मातकट आणि तंतुमय.

दुसरी परीक्षा हाताची. तुकडा ओला करून तळव्यावर चोळा आणि नुसत्या पाण्यानं हात धुवा. काळं निघून गेलं तर ठीक. चिकट, तेलकट डाग राहिला, साबण लागला, हाताला धुराचा वास येत राहिला, तर कोळशात डांबरासारखे अंश उरलेत, आणि तेच बियांना मारतात. असा कोळसा वाया गेला असं नाही, पुढच्या जाळात परत घाला.

तरी शंका असेल तर तीन वाट्यांत मेथी पेरा. एकीत नुसती माती, दुसरीत मातीत दहावा हिस्सा कोळसा, तिसरीत तोच कोळसा धुऊन. आठवड्यात निकाल समोर येतो. दुसरी मागे पडली आणि तिसरी पहिलीच्या बरोबरीनं आली तर गुन्हेगार राख आणि क्षार. दुसरी-तिसरी दोन्ही मागे पडल्या तर कोळसा कच्चा, नाहीतर जाळलेल्या वस्तूतच खोट. रंगवलेल्या खिडक्या, प्लायवूड, फर्निचरचे तुकडे, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड हे कधीच जाळू नका; जुन्या रंगात शिसं असतं, प्लायमध्ये डिंक, आणि ते मातीत गेलं की परत निघत नाही. बार्बेक्यूच्या गोळ्या आणि हुक्क्याचे झटपट पेटणारे तुकडे यांत चिकटवणारे पदार्थ आणि पेटवणारी रसायनं असतात. तेही नकोत. आणि दगडी कोळसा हा वेगळाच पदार्थ आहे, त्याची राख तर अजिबात नको.

कोळसा पक्का करायचा तर हवा कमी आणि आच जास्त लागते. मोकळी जागा असेल त्यांनी जमिनीत वर रुंद, खाली निमुळता खड्डा घ्यावा, गुडघाभर खोल पुरे. वाळलेल्या अंगठ्याएवढ्या जाड काड्या तळाशी रचून वरून पेटवायच्या. पेटवायचं वरूनच, कारण मग खालून निघणारा धूर ज्वाळेतून जाताना जळून जातो. काड्यांवर पांढरी राखेची साय धरू लागली की लगेच पुढचा थर. वरच्या थराची ज्वाळा खालच्या निखाऱ्यापर्यंत हवा पोचू देत नाही, म्हणून खालचे निखारे राख न होता कोळसाच राहतात. साय दिसूनही थर टाकायला उशीर केला की तेवढी राख वाढली; उलट ओल्या काड्या टाकल्या की धूर. हा सगळा खेळ वेळ साधायचा आहे. शेवटचा थर निखारा झाला की भरपूर पाणी ओतून विझवायचं, शिंपडून नव्हे, ओतून. वजनानं लाकडाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका कोळसा हाती लागतो, त्यामुळे मोळीभर काटक्यांतून बादलीभर मिळाला तर कमी मिळाला असं वाटून घेऊ नका.

फ्लॅटमध्ये हे जमणार नाही, आणि करूही नका. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ साली देशभर मनाई केली आहे, दंडही आहे. सोसायटीतला पालापाचोळा जाळून "कोळसा करतोय" म्हणणं त्यात बसणार नाही. गावी चूल किंवा शेगडी असेल तर डब्याचा प्रकार चांगला. झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडा, वाळलेल्या करवंट्यांचे तुकडे भरा आणि डबा जाळात ठेवा. थोड्या वेळानं भोकातून निघणारा वायू पेट घेतो आणि निळसर-पिवळी जीभ नाचते. ती विझली की काम झालं. डबा पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. गरम कोळशाला हवा लागली की तो डोळ्यांदेखत राख होतो.

विझवण्याबद्दल मी जरा कडक आहे. वरून थंड लागणाऱ्या कोळशात मधे निखारा जिवंत राहू शकतो आणि गोणीत भरल्यावर काही तासांनी पुन्हा फुलतो. रात्रभर पत्र्यावर पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी हात घालून बघा, मगच गोणी. गरम कोळसा घरात, बंद खोलीत तर मुळीच ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी वरच्या वर वाहून जातं

ताजा कोरडा कोळसा सुरुवातीला पाणी झटकतो. थेंब टाकला तर तो मोत्यासारखा वर राहतो. कुंडीत असा कोळसा गेला की पाणी कडेनं उतरून तळातून बाहेर येतं आणि मधली माती कोरडी. कोळसा धुऊन आणि भिजवून घातला तर हा प्रश्न उरत नाही. आधीच घातला असेल तर कुंडी तासभर पाण्याच्या टबात ठेवा. गांडुळंही कोरड्या कोळशापासून लांब पळतात, ओला केला की परत येतात. पावसाळ्यात तुकडे तरंगून कुंडीबाहेर येत असतील तर ते मोठे राहिलेत. तांदळाच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा भरड पुरे, पीठ नको. भरडताना ओला ठेवा, नाकाला फडकं बांधा, आणि गोणीत घालून जाड दांडक्यानं बडवा; मिक्सर काढू नका, भांड्याची पाती जातात आणि घरात बोलणी बसतात ती वेगळी.

किती, आणि कुणी घालूच नये

काळ्या खोल जमिनीत बाग असेल तर मी कोळशाच्या नादी लागणार नाही. त्या मातीतली चिकणमाती पाणी आणि अन्नद्रव्यं आधीच घट्ट धरून ठेवते; कोळशाचं जे मुख्य काम, ते तिथं झालेलंच आहे. उन्हाळ्यात भेगा पडणं, पावसात लोण्यासारखी चिकटणं हे तिचं दुखणं, आणि त्याला शेणखत, कंपोस्ट आणि पाचटाचं आच्छादन जास्त लागू पडतं. हौसच असेल तर धुतलेला कोळसा कंपोस्टमधून, थोडा थोडा.

मुरमाड जमीन, वाळूसर जमीन, कोकणातली लाल माती, कोकोपीट आणि लाल मातीच्या कुंड्या, इथं कोळसा कमाल करतो. कुंडीत एकूण मातीच्या पाच टक्के, फार तर दहा. जमिनीवरच्या वाफ्यात मीटरभर लांबी-रुंदीला अर्धं घमेलं, वीतभर खोल मिसळून, आणि वर तितकंच कुजलेलं खत. कोकणात धुवायची गरज सहसा नाही. तिथं राख उपकारच करते, फक्त एक्झोरा, अनंत आणि अननसाच्या आसपास टाकू नका, त्यांना आम्ल मातीच आवडते. सगळ्या कुंड्यांत एकदम घालण्यापेक्षा एकीत घाला आणि शेजारी तशीच एक बिनकोळशाची ठेवा, कारण मातीत गेलेला कोळसा पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहतो, चुकलं तर परत काढता येत नाही.

आता ज्यांची झाडं आत्ता पिवळी आहेत त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. नत्र कमी पडून पिवळी झालेली खालची पानं बहुतेक परत हिरवी होत नाहीत, ती गळतील, गळू द्या. हिराकस फवारल्यावर आधी पानावर हिरवे ठिपके दिसतील, थेंब पडला तेवढाच भाग हिरवा. याला रोग समजून बुरशीनाशक मारू नका, औषध लागल्याची ती खूण आहे. खरा निकाल त्यानंतर येणाऱ्या पालवीवर बघायचा. ती शिरांसकट हिरवी आली की फवारणी थांबवा आणि पुढे महिनाभर नुसतं कुजलेलं खत देत राहा. पुन्हा पिवळी आली तर कोळसा सोडा, बोअरच्या पाण्याचा सामू तपासून घ्या.